शिशाची दोन केंद्रकं एकमेकाला लागतच नाहीत, मग आतले ग्लुऑन कसे दिसतात? (सेमिनारसाठी मदत पाहिजे)

खानापूरची मीनू

नमस्कार सगळ्यांना. मी बेळगावात बीएस्सी फायनलला आहे, फिजिक्स घेऊन. सेमिनारला जरा अवघड विषय उचललाय, अणूच्या केंद्रकात ग्लुऑन (प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आतल्या क्वार्कना बांधून ठेवणारे कण) किती आणि कसे असतात ते हाय एनर्जीच्या टकरीतनं कसं काढतात हा. सेमिनार इंग्लिशमध्येच द्यायचाय पण दहावीपर्यंत मराठी मीडियम झालेलं, गोष्ट मराठीत कळल्याशिवाय माझ्या डोक्यात बसत नाही, म्हणून इथं विचारालेय.

कुठं अडलंय ते सांगते. सर्नच्या एलएचसीत (जिनिव्हाजवळचं कण आदळायचं मोठं मशीन) शिशाची केंद्रकं समोरासमोर सोडतात, त्या टकरीचे फोटो सगळीकडं असतात, हजारो रेघा फुटलेल्या, तेवढं कळालं. पण ग्लुऑनवर जे काय वाचालेय त्यात उलटंच लिहिलंय, की सगळ्यात कामाच्या घटना त्या ज्यात दोन केंद्रकं एकमेकाला लागतच नाहीत, शेजारून निघून जातात. अल्ट्रापेरिफेरल कोलिजन म्हणतात त्याला. आणि तिथं म्हणे एका शिशाचा फोटॉन दुसऱ्या शिशातले ग्लुऑन बघतो. आता फोटॉन ओळखतो इलेक्ट्रिक चार्जला, आणि ग्लुऑनला तो नाहीच की, मग फोटॉनला ग्लुऑन दिसणार कसा? आणि मोजायला जे-साय नावाचा कणच का धरलाय? आणि एवढं करून शेवटी निघालं काय? समीकरण आलं तरी चालेल, पण आधी घडतंय काय ते सांगा. प्लीज.

निपाणीकर, सध्या कोलकाता

मीनू, मी याच विषयाच्या आसपास पीएचडी करालोय, जरा लांबेल पण नीट सांगतो.

पहिलं म्हणजे फोटॉन येतो कुठनं. शिशात ८२ प्रोटॉन. एलएचसीच्या २७ किलोमीटरच्या रिंगमध्ये ते केंद्रक जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पळतं, २०१५ आणि २०१८ च्या रनमध्ये न्यूक्लिऑनच्या (म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनच्या) एका जोडीमागं ५.०२ टीईव्ही एनर्जी होती, म्हणजे लॉरेंट्झ फॅक्टर (वेगामुळं एनर्जी किती पट होते तो आकडा) सुमारे २,७००. एवढ्या वेगात त्याचं इलेक्ट्रिक फील्ड पळायच्या दिशेनं दाबलं जाऊन चपटं होतं, आणि शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या केंद्रकाच्या दृष्टीनं ते फील्ड आणि फोटॉनचा झोत यात काही फरक राहत नाही. ही कल्पना फर्मीनं १९२४ मध्ये मांडली आणि दहा वर्षांनी वाइत्सेकर आणि विल्यम्स यांनी ती अतिवेगवान कणांना लावली. झोत किती मोठा ते चार्जच्या वर्गावर ठरतं, ८२ चा वर्ग ६,७२४, म्हणून या कामाला प्रोटॉनपेक्षा शिसं लई भारी पडतं. शिशाच्या केंद्रकाची त्रिज्या साधारण ७ फेम्टोमीटर, त्यामुळं दोघांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर १४ च्या वर गेलं की स्ट्राँग फोर्सचा हात तिथवर पोचत नाही, पण इलेक्ट्रिक फील्ड पोचतंच. म्हणजे टक्कर नाही, पण एकानं दुसऱ्यावर उजेड टाकला एवढं मात्र झालं.

आता तुझा मेन प्रश्न. फोटॉन ग्लुऑनला थेट बघत नाही, ते तू बरोबर म्हणालीस. पण क्वांटमच्या नियमात फोटॉनला थोड्या वेळापुरतं क्वार्क आणि अँटिक्वार्कच्या जोडीच्या रूपात राहता येतं, आणि केंद्रकाच्या जागेवरून बघितलं तर इथल्या फोटॉनची एनर्जी इतकी प्रचंड असते की ती जोडी केंद्रकाच्या बरीच अलीकडं तयार होते आणि आरपार जाईपर्यंत टिकते. क्वार्कला कलर चार्ज असतो (स्ट्राँग फोर्सचा चार्ज, खरा रंग नव्हे), आणि कलर आला की ग्लुऑन आलाच. ही जोडी म्हणजे एक बारीक कलर डायपोल, ती केंद्रकातनं जाताना तिथल्या ग्लुऑनशी देवाणघेवाण करते. आता एकच ग्लुऑन घेतला तर कलर इकडचा तिकडं होणार आणि केंद्रक जसंच्या तसं राहणार नाही. म्हणून कमीत कमी दोन ग्लुऑन लागतात, ज्यांचा कलर मिळून शून्य होतो. मग केंद्रक अख्खं राहून पुढं जातं आणि डायपोल बाहेर पडून एखादा कण बनतो. जोडी चार्म आणि अँटिचार्मची असेल तर जे-साय.

हे दोन ग्लुऑन लक्षात ठेव, कारण पहिल्या हिशोबात त्याच्यामुळंच क्रॉस सेक्शन (म्हणजे ती घटना घडायची शक्यता) ग्लुऑन डेन्सिटीच्या *वर्गाच्या* प्रमाणात येतं. रिस्किननं १९९३ मध्ये हे प्रोटॉनसाठी दाखवलं. डेन्सिटी थोडी बदलली तरी मोजमाप जोरात बदलतं, म्हणून हा मार्ग एवढा आवडतो सगळ्यांना.

जे-सायच का, तर त्याचं वस्तुमान ३.१ जीईव्ही आहे, चार्म क्वार्क जड असल्यामुळं डायपोल छोटा राहतो आणि क्यूसीडीचा (स्ट्राँग फोर्सच्या थिअरीचा) हिशोब कागदावर करता येतो. रो मेझॉन घेतला तर तो ढिगानं मिळतो पण हलका, डायपोल मोठा, हिशोब हातातनं सुटतो. दुसरं कारण अगदी व्यवहारी आहे. जे-साय साधारण ६ टक्के वेळा दोन म्यूऑनमध्ये (इलेक्ट्रॉनचे जड भाऊ) मोडतो, आणि म्यूऑन पकडायला सोपे. एकदा असली घटना स्क्रीनवर बघ, समोरासमोरच्या टकरीत डिटेक्टर रेघांनी भरून काळा झालेला असतो आणि इथं अख्ख्या डिटेक्टरात फक्त दोन रेघा, एक प्लस एक मायनस, बाकी शांत. दोघांचं मिळून वस्तुमान काढलं की हिस्टोग्राममध्ये ३.१ ला सुळका उभा. आणि दोघांची आडव्या दिशेची मोमेंटम बेरीज केली तर ती अगदी कमी येते, पन्नास-साठ एमईव्हीच्या घरात. ते कमी येणं हीच खूण, कारण मोठ्या वस्तूनं अख्ख्यानं मिळून धक्का घेतला तरच एवढा छोटा आकडा येतो. एखाद्या सुट्या न्यूक्लिऑननं घेतला असता तर तो कितीतरी मोठा आला असता.

एक गोष्ट आवर्जून सांगतो, एलएचसीवरच्या ॲलिस प्रयोगात हे म्यूऑन पुढच्या बाजूला ज्या चेंबरमधनं जातात त्यातलं दुसरं स्टेशन आपल्याकडं झालंय, कोलकात्याचं साहा इन्स्टिट्यूट आणि अलीगढ मुस्लिम युनिव्हर्सिटी यांनी मिळून, आणि त्यात सुरुवातीला वापरलेली मानस नावाची चिपसुद्धा भारतातलीच. सेमिनारला एक स्लाइड त्याची घालच.

उद्यमबाग क्वालिटी

मी फिजिक्सवाला नाही, फौंड्रीत क्वालिटी बघतो. पण निपाणीकर सरांनी लिहिलेलं वाचून मला एक गोष्ट पटली म्हणून लिहालोय. आमच्याकडं व्हॉल्व्हच्या बॉडीचं कास्टिंग आलं की आत ब्लोहोल आहे का, श्रिंकेज आहे का ते बघायला दोन मार्ग, एक म्हणजे कापून बघायचं, तो पीस गेला, आणि कापताना जे तुटलं ते कास्टिंगचं की करवतीचं यावर भांडण. दुसरा मार्ग रेडिओग्राफी, पलीकडं फिल्म लावायची, अलीकडनं इरिडियमचा सोर्स, पीस आहे तसाच राहतो आणि जिथं धातू कमी तिथं फिल्म जास्त काळी पडते. मीनू, समोरासमोर टक्कर म्हणजे कापणं आणि शेजारून जाणं म्हणजे रेडिओग्राफी, असं मी समजून घेतलंय, सर चूक असेल तर सांगा.

पण मग माझा प्रश्न हाय. शेजारून एवढं स्वच्छ दिसतंय तर समोरासमोर आपटायचं कशाला ओ?

निपाणीकर, सध्या कोलकाता

अण्णा, एकदम पटण्यासारखं. फरक एवढाच की तुमच्या फिल्मवर किती रेडिएशन वाटेत *अडलं* ते दिसतं आणि इथं फोटॉन दुसरा कण बनून बाहेर येतो, तो किती वेळा बनला ते मोजतो.

आपटायचं कशाला, तर क्वार्क ग्लुऑन प्लाझ्मा बनवायला. विश्व जन्मल्यावर पहिल्या काही मायक्रोसेकंदांत सगळं त्या अवस्थेत होतं. पण तो प्लाझ्मा बनतो मुख्यतः दोन्ही केंद्रकांतल्या ग्लुऑनच्या गर्दीतनं, म्हणजे आधी गर्दी किती होती हेच माहीत नसेल तर नंतरच्या आकड्यांतलं प्लाझ्मामुळं झालेलं किती आणि मुळातच तसं होतं किती हे वेगळं करता येत नाही. म्हणून दोन्ही लागतं, आणि एकाच मशीनवर एकाच रनमध्ये दोन्ही मिळतं.

खानापूरची मीनू

दादा, लई थँक्यू. आणि अण्णा, तुमचं कास्टिंग मी सेमिनारमध्ये वापरणार.

आता नवीन शंका. दोन्ही बाजूला शिसंच आहे. मग फोटॉन कुणी दिला आणि ग्लुऑन कुणाचे बघितले, हे कसं ठरवायचं? दोन्ही सारखीच असली तर काय फरक पडतो असं मला आधी वाटलं, पण पेपरमध्ये हीच मोठी अडचण म्हणून लिहिलंय. आणि एक्स म्हणजे काय ते पण जरा.

निपाणीकर, सध्या कोलकाता

एक्स आधी. वेगात पळणाऱ्या न्यूक्लिऑनच्या एकूण मोमेंटमपैकी त्या एका ग्लुऑनकडं किती हिस्सा, तो एक्स. एक्स मोठा म्हणजे दादा ग्लुऑन, ते थोडेच असतात. एक्स जसा कमी कमी होत जातो तशी ग्लुऑनची संख्या वाढत जाते. आपल्याला बघायचंय ते कमी एक्सला काय होतं.

जे-साय कुठल्या कोनात निघाला त्यावरून एक्स निघतो. सूत्र सोपं आहे, जे-सायचं वस्तुमान भागिले टकरीची एनर्जी, आणि त्याला ई चा वाय घात किंवा उणे वाय घात यानं गुणायचं. वाय म्हणजे रॅपिडिटी, बरोबर आडवा निघाला तर शून्य, बीमच्या दिशेला झुकेल तसा वाढतो. आता कर हिशोब: ३.१ भागिले ५,०२० म्हणजे सुमारे ०.०००६. वाय शून्य असेल तर दोन्ही उत्तरं एकच, काही भानगड नाही. पण वाय २.४ घे, ई चा २.४ घात साधारण ११, म्हणजे एकतर एक्स ०.००६८ किंवा ०.००००५६. दोन उत्तरांत शंभरपटीपेक्षा जास्त फरक! वाय ४ ला तर एक उत्तर ०.०३४ आणि दुसरं ०.००००११. म्हणजे शिसं सारखंच असलं तरी कुणी फोटॉन दिला यावर आपण जुनी माहीत असलेली जागा बघालोय की कुणीच न बघितलेली, हे ठरतं. आणि कमी एनर्जीचे फोटॉन मुबलक असल्यामुळं पुढच्या बाजूच्या घटनांत बहुतेक सगळ्या मोठ्या एक्सच्याच असतात, आपल्याला पाहिजे त्या त्यात बुडून जातात.

यावरची युक्ती मला स्वतःला या अख्ख्या विषयात सगळ्यात जास्त आवडते. दोन शिशी जितक्या जवळून जातील तितके एकमेकांना आणखी फोटॉन देतात, जे-साय बनवणारा एक तर झालाच, पण त्याशिवाय एखादा जादा फोटॉन जाऊन केंद्रकाला नुसतं हलवून सोडतो. आतले सगळे प्रोटॉन एका बाजूला आणि न्यूट्रॉन दुसऱ्या बाजूला असे झुलतात, जायंट डायपोल रेझोनन्स म्हणतात त्याला, आणि शांत होताना केंद्रक एक-दोन न्यूट्रॉन टाकून देतं. न्यूट्रॉनला चार्ज नाही, त्यामुळं एलएचसीचे मॅग्नेट बीमला वळवतात तेव्हा तो सरळच जातो. तो सरळ जाऊन जिथं पोचेल तिथं डिटेक्टर ठेवलेलाच आहे, झिरो डिग्री कॅलोरीमीटर, ॲलिसमध्ये टकरीच्या जागेपासून सुमारे ११२ मीटरवर आणि सीएमएस या दुसऱ्या प्रयोगात १४० मीटरवर, दोन्ही बाजूंना.

मग घटनांचे तीन ढीग करायचे, कुठंच न्यूट्रॉन नाही, एकाच बाजूला आहे, दोन्हीकडं आहे. न्यूट्रॉन दिसला याचा अर्थ केंद्रकं जवळून गेली, आणि जवळून गेली तर जास्त एनर्जीचे फोटॉन जास्त मिळतात. म्हणजे प्रत्येक ढिगात कमी एक्स आणि मोठा एक्स यांचं मिश्रण वेगळं. फोटॉन किती असणार ते इलेक्ट्रोडायनॅमिक्सवरून काढता येतं, ते माहीत धरायचं. अज्ञात दोन आणि समीकरणं तीन, की सुटलं. आठवी-नववीला एकसामायिक समीकरणं केली होती ना, अगदी तीच.

२०२३ मध्ये सीएमएस आणि ॲलिस दोघांनी हे करून पेपर काढले, सीएमएस एक्स ०.००००६ पर्यंत पोचलं आणि ॲलिस ०.००००१ पर्यंत.

निघालं काय, ते दोन टप्प्यांत सांगतो. ॲलिसनं २०२१ मध्ये मधल्या भागात, एक्स ०.०००३ ते ०.००१४, जे मोजलं त्यावरून ग्लुऑनचा फॅक्टर सुमारे ०.६५ आला. म्हणजे २०८ सुटे न्यूक्लिऑन एकत्र ठेवले तर जेवढे ग्लुऑन दिसायला पाहिजेत त्याच्या ६५ टक्केच शिशात दिसतात. वर्गाची गोष्ट आठव, ०.६५ चा वर्ग ०.४२, जे-साय अपेक्षेच्या निम्म्याहूनही कमी सापडले म्हणून तर हे एवढं स्वच्छ कळालं. आणि २०२३ च्या सीएमएसच्या आकड्यांत, फोटॉन आणि न्यूक्लिऑनची मिळून एनर्जी, डब्ल्यू म्हणतात तिला, ती ४० जीईव्हीपर्यंत वाढवत नेली तर क्रॉस सेक्शन झरझर वाढतं आणि त्यापुढं चाल एकदम मंदावते. डब्ल्यू ४० म्हणजे एक्स ०.००६ च्या आसपास. ही मंदावलेली चाल हा सगळ्या चर्चेचा विषय आहे सध्या.

शहापूर पेठ

मी वाचनापुरती विज्ञानाची आवड असलेली, घरात तीन पिढ्यांचं सोन्याचं काम. पेपरात आलेलं की सर्नमध्ये शिशाचं सोनं झालं, आणि शिशी शेजारून जातात असंच त्यातही लिहिलेलं. हे तेच का?

निपाणीकर, सध्या कोलकाता

अक्का, त्याच घटनांचं भावंड म्हणा. वर न्यूट्रॉन टाकायचं बोललो, तसंच जादा फोटॉननं कधी कधी प्रोटॉनसुद्धा बाहेर पडतात. ८२ तले तीन गेले की राहिले ७९, ते सोनं. ॲलिसनं मे २०२५ मध्ये जाहीर केलं की २०१५ ते २०१८ च्या रनमध्ये एलएचसीच्या चार मोठ्या प्रयोगांत मिळून सुमारे ८६ अब्ज सोन्याची केंद्रकं झाली, आणि त्या सगळ्यांचं वजन २९ पिकोग्राम, एका ग्रॅमचा लाख कोटीवा हिस्सा घेतला तर तसले २९. तेही क्षणभरच, बीम पाइपला जाऊन आदळतात आणि फुटतात. तुमच्या तराजूवर येणार नाही, पण ते मोजायला वापरलेला डिटेक्टर तोच, झिरो डिग्री कॅलोरीमीटर. मीनू, हे एका वाक्यात सांगून पुढं जा, नाहीतर सगळे प्रश्न सोन्यावरच येतील.

चिकोडीचे गुरुजी (निवृत्त, फिजिक्स)

निपाणीकरांनी उत्तम लिहिलंय. मी शिकवायचो तेव्हा वर्गात निम्मी पोरं कन्नड, निम्मी मराठी, आणि सगळ्यांना मी एकच सांगायचो की निष्कर्ष सांगायच्या आधी तो कुणाशी तुलना करून काढलाय ते सांगा. मीनू, तुझ्या सेमिनारमध्ये शिशाचा आलेख एकटा दाखवलास तर अर्थ निघणार नाही, शेजारी प्रोटॉन पाहिजे.

प्रोटॉनचं असं. ग्लुऑन आहे याचा पुरावा १९७९ मध्ये हॅम्बुर्गच्या पेट्रा मशीनवर मिळाला, इलेक्ट्रॉन पॉझिट्रॉनच्या टकरीतनं दोन ऐवजी तीन जेट (कणांचे झोत) निघाले. त्याच गावात पुढं हेरा उभं राहिलं, ६.३ किलोमीटरची रिंग, १९९२ ते २००७ पर्यंत इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉनची टक्कर. त्याआधी प्रोटॉन म्हणजे तीन क्वार्क एवढं लोक सहज बोलायचे, हेरानं दाखवलं की कमी एक्सला बघावं तर ग्लुऑनच ग्लुऑन, आणि एक्स कमी करू तसे ते थांबायचं नाव न घेता वाढतात. जे-सायचं क्रॉस सेक्शन हेरात डब्ल्यूच्या साधारण ०.७ घातानं वाढत होतं. पुढं एलएचसीवर त्याहून कितीतरी जास्त एनर्जीला मोजलं तरी प्रोटॉनमध्ये तीच चाल सुरू राहिली. आणि शिशात ती ४० जीईव्हीनंतर मोडली. हा फरक सेमिनारचा कणा कर.

आता फरक का, यावर मला सावध करायचंय. ग्लुऑनला स्वतःला कलर असतो, म्हणून एका ग्लुऑनचे दोन होतात तसे दोन मिळून एकही होऊ शकतो. गर्दी इतकी झाली की जेवढे फुटतात तेवढेच मिसळतात, मग वाढ थांबते, ते सॅच्युरेशन. शिशात एकामागं एक न्यूक्लिऑन उभे, २०८ चं घनमूळ सुमारे ६, त्यामुळं एकाच वाटेवर ग्लुऑनची गर्दी कितीतरी पट, आणि सॅच्युरेशन प्रोटॉनच्या आधी शिशात दिसावं हे बरोबरच. पण दुसरं स्पष्टीकरणही आहे. डायपोल केंद्रकात एकापेक्षा जास्त न्यूक्लिऑनशी भिडतो आणि त्या लहरी एकमेकीला खोडतात, म्हणून एकूण परिणाम कमी येतो, हे शॅडोइंग. त्याला सॅच्युरेशनची गरज लागत नाही. दोन्ही पद्धतीचे हिशोब आजच्या आकड्यांच्या काही भागाशी जुळतात आणि काही भागाशी नाही जुळत.

तिसरी गोष्ट, ते वर्गाचं नातं पहिल्या पायरीच्या हिशोबातलं आहे. २०२२ मध्ये पुढच्या पायरीचा हिशोब झाला तेव्हा दिसलं की क्वार्कचाही वाटा बराच येतो आणि उत्तर स्केल कुठला धरला त्यावर खूप हलतं. म्हणून ०.६५ हा आकडा सांगताना तो त्या पद्धतीनं काढलेला अंदाज आहे असं म्हण. "सॅच्युरेशन सापडलं" असं कुठल्याही स्लाइडवर लिहू नकोस. शिशात ग्लुऑन दबलेले दिसतात, हे मात्र छातीठोक लिही.

आणि याची जुनी मुळं विसरू नकोस. १९८३ मध्ये सर्नच्या ईएमसी प्रयोगानं म्यूऑन वापरून लोखंड आणि ड्युटेरियम यांची तुलना केली आणि लोखंडातले क्वार्क सुट्या न्यूक्लिऑनमधल्यासारखे नाहीत असं आढळलं, तोपर्यंत केंद्रक म्हणजे न्यूक्लिऑनची नुसती मोळी असं धरून चालत होते. त्याचं नेमकं कारण काय यावर अजून एकमत नाही. तुझा विषय हा त्याच प्रश्नाचा ग्लुऑनमधला भाग आहे.

उद्यमबाग क्वालिटी

गुरुजी, मग हे दोन्हीतलं कुठलं खरं हे ठरणार कसं? आमच्यात एका शॉटवर कळलं नाही तर सोर्स बदलतो, कोन बदलतो.

निपाणीकर, सध्या कोलकाता

अण्णा, इथंही तेच चाललंय. एक तर जे-साय सोडून दुसरे कण, अल्ट्रापेरिफेरल घटनांत डी मेझॉन (चार्म क्वार्क असलेला कण), जेटच्या जोड्या, आणि एलएचसीवरच्याच एलएचसीबी प्रयोगानं प्रोटॉन-शिसं टकरीत पुढच्या दिशेला डी मेझॉन मोजलेत, तिथंही दबलेलं दिसतं. प्रत्येकाची अडचण वेगळी, म्हणून सगळ्यांतनं तेच उत्तर आलं तर विश्वास वाढतो. दुसरं, केंद्रक बदलायचं, जुलै २०२५ मध्ये एलएचसीत पहिल्यांदा ऑक्सिजनवर ऑक्सिजन आणि निऑनवर निऑन सोडले. केंद्रक छोटं केलं की परिणाम किती कमी होतो हे बघता येईल.

पण खरी आशा ईआयसीवर, इलेक्ट्रॉन आयन कोलायडर. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर ब्रुकहेवनला जिथं ऱ्हिक हे जुनं कोलायडर होतं, त्याच ३.८ किलोमीटरच्या बोगद्यात ते व्हायचंय, जागा जानेवारी २०२० मध्ये ठरली. तिथं फोटॉन इलेक्ट्रॉनकडून येणार, त्यामुळं कुणी दिला हा मीनूचा प्रश्नच उरत नाही. आणि एलएचसीत शिशाकडून येणारा फोटॉन जवळजवळ खरा, म्हणजे क्यू स्क्वेअर (फोटॉन खऱ्यापासून किती लांब ते सांगणारा आकडा) जवळजवळ शून्य, तो आपल्या हातात नाही. ईआयसीत इलेक्ट्रॉन किती वळला त्यावरून क्यू स्क्वेअर मोजता येतो, म्हणजे डायपोल लहान मोठा करून त्याच केंद्रकाकडं बघता येतं. सॅच्युरेशन असेल तर ते डायपोलच्या आकाराप्रमाणं एका ठराविक पद्धतीनं दिसायला पाहिजे, तिथं या दोन स्पष्टीकरणांचा निकाल लागायची शक्यता मला खरंच वाटते. एनर्जी मात्र एलएचसीएवढी नसेल, एक्स तेवढा खाली जाणार नाही, म्हणून एलएचसीचे आकडे तेव्हाही लागणारच.

खानापूरची मीनू

गुरुजी, दादा, अण्णा, सगळ्यांचं वाचून मी स्लाइडचा क्रम असा केलाय: आधी शिशाचं फील्ड आणि फोटॉन, मग डायपोल आणि दोन ग्लुऑन, मग दोन रेघांची रिकामी घटना, मग ०.०००६ चा हिशोब फळ्यावर, मग न्यूट्रॉनचे तीन ढीग, आणि शेवटी प्रोटॉन आणि शिसं शेजारी शेजारी. ईएमसी कुठं घालू, सुरुवातीला की शेवटी?

चिकोडीचे गुरुजी (निवृत्त, फिजिक्स)

सुरुवातीला, पोरी. केंद्रक म्हणजे नुसती मोळी नव्हे हे आधी कळलं तरच पुढचं का मोजायचं ते कळेल. आणि शेवटच्या आलेखात दोन्ही अक्ष लॉगचे घे, प्रोटॉनची ओळ सरळ येईल आणि शिशाची कुठं वाकते ते मागच्या बाकावरनंसुद्धा दिसेल. परीक्षक एक्सबद्दल विचारणारच, तर खालच्या अक्षावर डब्ल्यू आणि वरच्या अक्षावर त्याच्याशी जुळणारा एक्स, असं दोन्ही लिहून ठेव.